एकच डबा की वेगवेगळे?

बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर भाचीनं मागून नेला, तेव्हा आमच्या घरात टर्नटेबल होतं, स्पीकर होते आणि मधलं यंत्रच नव्हतं. नवीन घ्यायला निघाले आणि सल्ल्यांचे दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, आता सगळं एकाच डब्यात येतं. तबकडी, सीडी, टीव्ही, ब्लूटूथ, इंटरनेटवरची गाणी, सगळं त्याच्याच पोटात. स्पीकरच्या वायरी जोडल्या की काम झालं. दुसरी बाजू म्हणे, असल्या डब्यात प्रत्येक गोष्ट थोडीथोडी असते, पूर्ण काहीच नसतं. प्री वेगळा घे, पॉवर वेगळा घे, तबकडीसाठीचा फोनो वेगळा, डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणारा डॅक वेगळा. दोन्हीकडची माणसं जाणती होती आणि मनापासून सांगत होती, म्हणून निर्णय अवघड झाला.

आमच्याकडे ऐकलं जातं ते मुख्यतः शास्त्रीय गाणं. मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई, कुमारजी. या गाण्यात यंत्राची खरी परीक्षा तानपुरा घेतो. गायक थांबतो, तबला ठेका धरून असतो आणि मागे तानपुऱ्याच्या तारा विझत विझत जातात. यंत्रात जरा जरी घरघर असेल तर ती नेमकी तिथे उघडी पडते. मोठ्या वाद्यवृंदाच्या आवाजात जे खपून जातं ते इथे खपत नाही.

बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर होता एनएडी ३०२०. मामा लंडनला असत, त्यांनी येताना आणला होता. १९७८ साली बाजारात आलेलं हे यंत्र. एरिक एडवर्डसन या नॉर्वेजियन अभियंत्यानं त्याची रचना केली. कागदावर ताकद दर चॅनेलला फक्त २० वॉट, किंमत बेताची आणि तरी त्या काळी त्यानं महागड्या यंत्रांना मान खाली घालायला लावली. मला त्याची मागची बाजू जास्त आठवते. तिथे यू अक्षरासारख्या वाकवलेल्या धातूच्या पट्ट्या खोचलेल्या असत, डाव्या आणि उजव्या चॅनेलची एकेक. बाबांनी एकदा यंत्र बंद करून त्या काढून दाखवल्या. म्हणाले, "हे बघ, आता हे एक यंत्र राहिलं नाही, दोन झाली. इथपर्यंत प्री, इथून पुढे पॉवर." प्रीचं काम इनपुट निवडायचं आणि आवाज कमीजास्त करायचं. पॉवरचं काम स्पीकरचा पडदा हलेल एवढा जोर द्यायचं. पट्ट्या परत खोचल्या की दोघं एका घरात नांदायला लागत. हवं तेव्हा वेगळं व्हायची सोय मात्र पहिल्यापासून ठेवलेली. इतकी शहाणी रचना मी नंतर फार थोड्या यंत्रांत पाहिली.

वेगवेगळे डबे घ्या म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा तबकडीपाशी आहे आणि तो मला पूर्ण पटतो. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टचा सिग्नल देतो. तबकडीवरच्या नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट सुईतून येतात ४-५ मिलिव्होल्ट, म्हणजे चारशे-पाचशेपट कमी. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर पुरेसं गाणं मावायचं नाही. वाजवताना तो खर्ज पुन्हा उचलावा लागतो. आरआयएए या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे ५० हर्ट्झचा सिग्नल १००० हर्ट्झच्या तुलनेत जवळजवळ सातपट उचलला जातो. आणि आपल्या घरातली वीज नेमकी ५० हर्ट्झची. म्हणजे विजेची जी गुणगुण तबकडीच्या नाजूक सिग्नलमध्ये शिरेल ती सातपट होऊन बाहेर येणार. अशा वेळी फोनोच्या सर्किटशेजारी दोनतीन किलोचा ट्रान्सफॉर्मर बसवणं म्हणजे जोखीमच. तो दूर, दुसऱ्या डब्यात असला तर बरं. पत्र्याची आडभिंत घालून, ट्रान्सफॉर्मर गोल टोरॉइडल घेऊन, सर्किट दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन एकाच डब्यातही हे सांभाळता येतं. पण त्याला मेहनत लागते. स्वस्तात सगळं कोंबलेल्या डब्यात ती घेतलेली असेलच असं नाही.

म्हणून मी आधी वेगळ्या डब्यांच्या बाजूला झुकले होते. एका स्नेह्यांनी त्यांची प्री-पॉवरची जोडी घरी लावून बघायला दिली. जड, देखणी यंत्रं. तबकडी ठेवली, सुई टेकायच्या आधीच स्पीकरमधून 'गूं' सुरू. गाणं लागलं आणि ती घरघर किती वाईट ठिकाणी येते आहे ते ध्यानात आलं. गायकाचा षड्ज काळी एकचा, म्हणजे साधारण १३८ हर्ट्झ. विजेची घरघर ५० आणि १०० हर्ट्झला, एकाच स्वराची दोन सप्तकं. १३८ चा सा धरला तर १०० हर्ट्झ पडतो खालच्या सप्तकात, तीव्र मध्यमाच्या जरा वर, धड तीव्र मध्यमही नाही आणि पंचमही नाही. तानपुरा पंचमाचा, गायक पंचमावर मुक्काम करतोय आणि भिंतीतली वीज खालून चढा तीव्र मध्यम धरून बसलेली. ऐकवेना.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. टर्नटेबलची अर्थची वायर घट्ट होती. सिग्नलच्या वायरी बदलल्या, फरक नाही. शेवटी पॉवर अ‍ॅम्पचा प्लग काढून प्री ज्या बोर्डावर होता त्याच बोर्डात घातला आणि गूं जवळजवळ गेली. दोन यंत्रं दोन वेगवेगळ्या भिंतींच्या सॉकेटवर होती. दोघांना आपापलं अर्थिंग, आणि सिग्नलच्या वायरीतून ती दोन अर्थिंग एकमेकांना जोडलेली. त्यातून एक वेटोळं तयार होतं आणि त्यात विजेची गुणगुण फिरत राहते. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत, जिथे प्रत्येक खोलीचं अर्थिंग वेगळ्या काळात, वेगळ्या वायरमननं ओढलेलं असतं, तिथे हे हमखास होतं. यावर काही जण प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात. घरघर जाते, पण आतली वायर सुटून पत्र्याला टेकली तर हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. पिनला हात लावू नये, सॉकेट एक करावं.

सांगायचं ते हे, की डबे वाढले की जोडण्या वाढतात आणि प्रत्येक जोडणी आपण सांभाळायची असते. प्री-पॉवर एका डब्यात असले की ही काळजी कारखान्यात घेतलेली असते. आणखी एक: प्रत्येक डब्याला स्वतःचा पत्रा, स्वतःचा पॉवर सप्लाय, स्वतःचे सॉकेट, स्वतःचं खोकं आणि वाहतूक. तुमचे तेवढेच पैसे चार डब्यांत वाटले गेले, तर त्यातला बराच वाटा गाण्याच्या कामाला न येणाऱ्या लोखंडा-ॲल्युमिनियमवर जातो. बेताच्या बजेटमध्ये एक चांगला इंटिग्रेटेड, म्हणजे प्री-पॉवर एकत्र असलेला, अ‍ॅम्प्लिफायर त्याच किमतीच्या तुकड्यांना सहज भारी पडतो. पैशाची अडचणच नसेल तर गोष्ट वेगळी.

मग मुंबईच्या एका दुकानात दोन्ही प्रकार एकाच स्पीकरवर ऐकले. दुकानदारानं आधी जशी लावली तशी वेगळ्या डब्यांची जोडी फार मोकळी, भरदार वाटली. मी सोबत साधा मल्टिमीटर नेला होता. चाचणीचा १००० हर्ट्झचा सूर लावायचा, स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर एसी व्होल्टवर धरायचा आणि दोन्ही यंत्रांचा आवाज असा जुळवायचा की आकडा दुसऱ्या दशांशापर्यंत एक येईल. कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो, मोठा आहे हे कळतसुद्धा नाही. जोडी किंचित मोठी वाजत होती. आकडे जुळवल्यावर मोकळेपणातला बहुतेक फरक नाहीसा झाला. राहिला तो इतका बारीक, की डोळे मिटून कुठलं यंत्र चालू आहे ते मला खात्रीनं सांगता येईना. त्यानंतर स्पीकर बदलले तेव्हा मात्र आवाजच वेगळा झाला. बायाची घुमक, सारंगीचा घसा, सगळं. पैसे कुठे घालायचे ते मला तिथेच कळलं.

ताकदीचंही तसंच. पॉवर वेगळा घेतला की शंभर-दीडशे वॉट मिळतात हे खरं. पण ५० चे १०० वॉट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबेल, कानाला बेताचा फरक. आमचा हॉल नेहमीच्या फ्लॅटचा. ८७ डेसिबेल संवेदनशीलतेच्या स्पीकरवर नेहमीचं ऐकणं एखाददुसऱ्या वॉटवर भागतं. तबल्याची थाप क्षणभर १० डेसिबेल वर उसळली तर त्या क्षणापुरती दसपट ताकद लागते. म्हणजे तरी दहा-वीस वॉट. चांगल्या पॉवर सप्लायचे ५० वॉट आम्हाला पुरून उरतात.

आता राहिला प्रश्न सगळं पोटात असलेल्या डब्याचा. त्याचं उत्तर मला पुण्यात तपकीर गल्लीजवळ दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका काकांनी दिलं. बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर त्यांनीच वेळेवर बदलले होते. बिघाड नव्हता, पण आतलं रसायन वर्षानुवर्षांत सुकतं, म्हणून वयाप्रमाणे ते बदलायचेच असतात. काकांच्या टेबलावर तेव्हा एक सर्वसमावेशक डबा उघडा पडलेला होता. काकांनी चिमट्याचं टोक आतल्या दोन पाट्यांवर आळीपाळीनं टेकवलं. एका पाटीवर ठसठशीत ट्रान्झिस्टर, कॅपॅसिटर, रेझिस्टर, प्रत्येकाशेजारी छापलेला क्रमांक. दुसरीवर डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक भाग आणि मधे काळी चौकोनी चिप. "ताई, ह्या पाटीचं काहीही गेलं तरी मी इथे बसून करून देतो. त्या पाटीचं गेलं तर पाटीच बदलायची, आणि कंपनी देत असेल तरच." मग म्हणाले, "आणि ती पाटी बिघडायलाच पाहिजे असंही नाही. आतलं सॉफ्टवेअर जुनं झालं की संपलं."

डबा ज्यांचा होता त्यांची कथा हीच होती. अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत. पण कंपनीनं त्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरची सुधारणा थांबवली, फोनवरचं अ‍ॅप नवीन फोनवर उघडेना, आणि इनपुट बदलायचं तरी अ‍ॅपच लागे. चांगला अ‍ॅम्प्लिफायर आपल्याच पोटातल्या दुसऱ्या यंत्रामुळे मुका झाला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. वीस-तीस वर्षं टिकणारी वस्तू आणि पाच-सात वर्षांत जुनी होणारी वस्तू एकाच पत्र्यात बंद केली, की लहान आयुष्य दोघांचं आयुष्य ठरवतं.

त्यावरून मी ठरवलं. प्री, पॉवर आणि फोनो एकाच डब्यात, कारण तिघांचं वय सारखं आणि तिघांची दुरुस्ती एकच माणूस करू शकतो. म्हणजे जुन्या पद्धतीचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर, मागे प्री-आउट असलेला, पुढेमागे कधी पॉवर वेगळा जोडावासा वाटला तर. इंटरनेटची बाजू पूर्ण बाहेर. त्यासाठी मुलानं हाताच्या पंजात मावेल एवढा रास्पबेरी पाय हा संगणक डॅकला जोडून दिला आहे. उद्या तो निकामी झाला तर दुसरा येईल, अ‍ॅम्प्लिफायरला त्याचा पत्ताही लागणार नाही. उरलेले पैसे स्पीकरला आणि हॉलमधल्या जाड पडद्यांना दिले. सगळं एकाच सॉकेटवर आहे. तानपुरा शेवटपर्यंत ऐकू येतो.

आईसाठी मात्र मी सांगलीला सर्वसमावेशक डबाच घेतला आणि ठरवून घेतला. तिला टर्नटेबल नको, वायरी नकोत, दोन रिमोट तर मुळीच नकोत. डबा टीव्हीला एचडीएमआयनं जोडला आहे, त्यामुळे टीव्हीच्याच रिमोटवर त्याचा आवाज कमीजास्त होतो. नाट्यगीतांच्या सीडी आणि मालिका, तिची गरज एवढीच आहे आणि ती पूर्ण भागते. तिथे चार डबे मांडून ठेवणं म्हणजे तिच्यावर ओझं टाकणं झालं असतं. फक्त घेताना दुकानात वायफाय बंद करायला लावलं आणि फोन पर्समध्ये ठेवून सगळं तपासलं. मागे साधी आरसीए इनपुट आहेत का, पुढच्या बटणांवरून इनपुट बदलतं का, आवाजाचं बटण अ‍ॅपशिवाय चालतं का. एका मॉडेलचं इनपुट अ‍ॅपवाचून बदलेना, ते तिथेच ठेवलं. जे घेतलं त्याची तिन्ही उत्तरं हो होती.