जुन्या ब्रँचची राखण

२२ सप्टेंबर २०२५ला घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. सिमेंट २८ टक्क्यांवरून १८वर आले, ट्रॅक्टर १२वरून ५वर. जीएसटी परिषदेचा निर्णय झाला होता ३ सप्टेंबरला. म्हणजे नागपुरातल्या हार्डवेअरच्या दुकानदारापासून बुटीबोरीच्या कारखानदारापर्यंत कोणाच्याच हाती तीन आठवडेही नव्हते. माझ्याकडे येणाऱ्या मंडळींची बिले ईआरपीनेक्स्ट या धंद्याचे हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर निघतात. त्यांतले कोणी आवृत्ती १५वर आहे, कोणी अजून १४वर. कायदा असा भेद करत नाही.

ईआरपीनेक्स्ट आपल्याकडचेच. रुषभ मेहता यांनी २००८मध्ये मुंबईत सुरू केलेल्या फ्रॅपे कंपनीने ते घडवले आणि जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले. त्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा. पण तेवढ्यावर कोणाचा धंदा चालत नाही. कोणता बदल कोणत्या आवृत्तीत जाईल, कोणता जाणार नाही आणि ते लोकांना कधी, कोणत्या शब्दांत सांगायचे, हे ठरवणारे कोणीतरी लागते. ईआरपीनेक्स्टवर चालणाऱ्या एका छोट्या ओपन सोर्स ॲपसाठी मी नागपुरात बसून हेच काम करतो. नवे फीचर लिहिणाऱ्याचे नाव होते; जुनी आवृत्ती राखणाऱ्याचे सहसा होत नाही. तरीही मला हे काम जास्त मोलाचे वाटते.

ईआरपीनेक्स्टमध्ये नवा कोड आधी ‘डेव्हलप’ या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या शाखेवर, जातो. तिथे मोडतोड चालते, प्रयोग होतात. प्रत्येक मोठ्या आवृत्तीची मात्र स्वतंत्र ब्रँच असते आणि तिच्या जोडीला एक हॉटफिक्स ब्रँच. डेव्हलपवर एखादी दुरुस्ती पक्की झाली की तिच्यावर बॅकपोर्टचे, म्हणजे जुन्या आवृत्तीत नेण्याचे, लेबल लावायचे. मग मर्जिफाय नावाचा बॉट तेवढाच बदल उचलून जुन्या आवृत्तीच्या हॉटफिक्स ब्रँचवर नेऊन मांडतो. हॉटफिक्समध्ये साठलेल्या दुरुस्त्या पुढे मुख्य ब्रँचमध्ये मिसळतात, कमिटच्या पहिल्या शब्दावरून, म्हणजे ‘फिक्स’ (दुरुस्ती) आहे की ‘फीट’ (नवे फीचर), यावरून नवा क्रमांक आपोआप ठरतो आणि टॅग पडतो.

संत्र्याच्या बागाईतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. जंबेरीच्या खुंटावर तो संत्र्याची अख्खी फांदी रोवत नाही, एक निवडलेला डोळा बांधतो. आणि खुंटाला तो मानवला तरच कलम धरते. बॉट बदल उचलून देतो, पण जुन्या कोडला तो मानवेल का, हे माणसालाच पाहावे लागते. डेव्हलपवर ज्या फंक्शनच्या आधाराने दुरुस्ती उभी आहे, ते फंक्शन आवृत्ती १४मध्ये नसेलही. अशा वेळी दोन कोड जुळत नसल्याचा इशारा, म्हणजे कॉन्फ्लिक्ट, दिसला तर बरेच. कॉन्फ्लिक्ट न येता चुकीचा कोड गुपचूप बसला तर पंचाईत.

खरी कसोटी नकार देण्यात आहे. बटणाची जागा बदला, अहवालात एक कॉलम वाढवा, अशा मागण्या जुन्या ब्रँचसाठी सतत येतात आणि प्रत्येक मागणी एकेकटी पाहिली तर रास्त असते. लिनक्स कर्नलच्या स्थिर आवृत्त्यांचा नियम मला फार आवडतो: दुरुस्ती आधी मुख्य कर्नलमध्ये गेलेली असली पाहिजे, आणि आजूबाजूच्या ओळी धरून ती शंभर ओळींपेक्षा मोठी नसावी. शंभर हा आकडा काही गणितातून आलेला नाही. पण मोठा बदल वाचून संपवण्याची माणसाची ताकद किती, याचा त्यात प्रामाणिक अंदाज आहे.

सर्वांत जपावे लागते ते डेटाबेसला. कोड मागे घेता येतो, हिशेबाच्या नोंदी बदलल्या की मागे जाणे कठीण. फ्रॅपेमध्ये डेटा बदलणारी प्रत्येक पॅच ‘पॅचेस’च्या फाइलीत एका ओळीने नोंदवलेली असते, ती एकदा चालली की साइटच्या पॅच लॉगमध्ये तिची ओळ जशीच्या तशी उतरते. बॅकपोर्ट करताना ती ओळ किंचितही बदलली, तर ग्राहक पुढच्या आवृत्तीवर गेल्यावर तीच पॅच त्याच नोंदींवर दुसऱ्यांदा चालते. म्हणून दोन्ही ब्रँचवरची ओळ मी अक्षर अन् अक्षर ताडून पाहतो. आणि दुसऱ्यांदा चालली तरी नोंदी बिघडणार नाहीत, अशीच पॅच लिहायचा आग्रह धरतो.

डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीमधली भयंकर त्रुटी उघड झाली, तेव्हा जगभरचे लोक २.१५, २.१६, २.१७ अशा एकामागून एक आलेल्या आवृत्त्यांच्या मागे धावत होते. मला आठवते ते दुसरेच काम. जावा ७वर अडकलेल्यांसाठी २.१२च्या आणि जावा ६वर अडकलेल्यांसाठी थेट २.३च्या मालिकेत दुरुस्त्या सोडल्या गेल्या. ‘अपग्रेड का नाही केले?’ असे त्या लोकांना विचारून भागले असते. तसे केले नाही, याबद्दल मला लॉगफोरजे राखणाऱ्या स्वयंसेवकांविषयी फार आदर आहे.

जीएसटीच्या बाबतीत आपल्याकडे एक शहाणपणाचा निर्णय झाला. आवृत्ती १४पासून भारतीय करांचा भाग ईआरपीनेक्स्टच्या गाभ्यातून काढून ‘इंडिया कंप्लायन्स’ या वेगळ्या ॲपमध्ये नेला गेला. नियम किती बदलतात पाहा: ई-इन्व्हॉइस सक्तीची उलाढालीची मर्यादा ऑक्टोबर २०२०मध्ये ५०० कोटी होती, ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरत १ ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींवर आली. सरकारचे वेळापत्रक आणि सॉफ्टवेअरचे वेळापत्रक एकाच ब्रँचवर नांदवणे अवघड होते. दर मात्र कोडमध्ये नसतात. ते टॅक्स टेम्प्लेटमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या स्वतःच्या डेटात असतात. त्यामुळे त्या घटस्थापनेला दर बदलण्यासाठी रिलीजची वाट पाहावी लागली नाही. त्या वेळी लागले ते एक नीट लिहिलेले पान: जुने टेम्प्लेट खोडू नका, नवे करा, २१ तारखेपर्यंतची बिले जुन्या टेम्प्लेटलाच जोडलेली राहू द्या.

वेबसाइटचे काम इथे सुरू होते, आणि ते रिलीजनंतरचे किरकोळ काम समजले जाते हे मला मुळीच पटत नाही. आधी टॅग, मग सर्व्हरवर बसवायची इमेज तयार होणे, मग ती उतरवून कोऱ्या सर्व्हरवर बसवून पाहणे, मग वेबसाइट आणि शेवटी घोषणा, हा क्रम मी मोडू देत नाही. घोषणा आधी गेली की लोक लिंक दाबतात आणि हाती जुनीच फाइल येते.

त्याहून अवघड आहे दस्तऐवजांचे. आमच्या ॲपची पाने मार्कडाउनमध्ये लिहिलेली असतात आणि बदल मिसळला की साइट आपोआप बनते. ती नव्या ब्रँचवरून बनते, वाचणारा मात्र जुन्या आवृत्तीवर असतो. हिंगण्याच्या कारखान्यातले अकाउंटंट पान वाचून मेनू शोधतात, तो सापडत नाही, आणि त्यांना वाटते आपल्यालाच जमत नाही. म्हणून दस्तऐवजांनाही कोडसारख्याच ब्रँच हव्यात आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर आवृत्ती हवी. पोस्टग्रेस्क्यूएल हे फार चोख करते. तिथे प्रत्येक पानावरून त्याच विषयाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या पानावर जाता येते, आधार संपलेल्या आवृत्तीच्या पानावर तशी सूचना असते, आणि प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाऊन कोणत्या तारखेला संपणार, याचा तक्ता सर्वांसमोर असतो.

तसा तक्ता आम्हीही पहिल्याच पानावर लावला आहे. ब्रँच बंद करण्याच्या तारखेवर आमच्यात बरीच चर्चा झाली. डिसेंबरअखेर सोयीची वाटत होती, पण तेव्हा वार्षिक जीएसटी विवरणपत्राची घाई असते. मार्चमध्ये हिशेब बंद होतात. दसरा ते दिवाळी दुकानदार सर्व्हरला हात लावू देत नाही, आणि लक्ष्मीपूजनाला ज्या पडद्यावर कुंकू लागते त्यावर आदल्या आठवड्यात प्रयोग करायचा माझाही धीर होत नाही. शेवटी ३० जून ठरली, आणि तिच्या आधी सहा महिने त्या आवृत्तीच्या प्रत्येक पानावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पट्टी लागते, तिच्यात पुढच्या आवृत्तीवर जाण्याच्या पायऱ्यांची लिंक असते.