मळ नव्हता तो

दर रविवारी मी मुलाची मान घासायची. डाळीचं पीठ, हळद, दुधाची साय. मानेच्या मागे काळसर पट्टा पडला होता, हाताला जाडसर लागणारा. काखेतही तसाच. मला वाटायचं, घाम फार येतो आणि पोरगं आंघोळ उरकतं नुसती. एकदा नारळाच्या शेंडीने घासलं. तो म्हणाला, "आई, दुखतंय गं." मी म्हणाले, "हलू नकोस." कातडी लालबुंद झाली, पट्टा तिथेच राहिला.

2023 च्या जानेवारीत खोकल्यासाठी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा कळलं की तो मळ नव्हता. डॉक्टरबाईंनी छाती तपासायला शर्ट वर केला, मान पाहिली आणि खोकला बाजूला ठेवून विचारलं, "रात्री घोरतो का?" घोरायचा. मग त्यांनी सांगितलं की, अंगावर चरबी जास्त साठली की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून शरीर ते जास्त बनवायला लागतं. त्या वाढलेल्या इन्सुलिनमुळे मानेवरची, काखेतली त्वचा अशी जाड आणि काळी होते. घासून जाणारी गोष्टच नव्हती ती. मी तिथे बसून त्याच्या मानेकडे बघत राहिले. किती रविवार घासली होती मी ती!

तो साडेनऊ वर्षांचा होता. उंची 138 सेंटिमीटर, वजन 44 किलो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली आपल्या मुलांसाठी केलेला वाढीचा तक्ता डॉक्टरबाईंनी समोर ठेवला. उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखवणारा ठिपका तक्त्यातल्या सगळ्यांत वरच्या रेषेच्याही वर पडला. साखर, यकृत, थायरॉइड तपासून घेतलं. यकृतावर थोडी चरबी होती, बाकी ठीक निघालं.

आमच्या घरात ही गोष्ट कुणाला दिसली नव्हती, असं नाही. पण आम्ही तिला बाळसं म्हणत होतो. तान्हा असताना 'सुदृढ बालक' स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं होतं. तो फोटो अजून हॉलमध्ये आहे. सासूबाई तेव्हा रोज त्याच्या गालाला तीट लावायच्या. पुढे टाळेबंदीत शाळा मोबाइलमध्ये आली. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत पोरगं दोन वर्षं पलंगावर बसून शिकलं आणि बसल्या बसल्या खाऊही लागलं. शाळा उघडली तेव्हा गणवेशाची चड्डी चढेना. आम्ही हसलो आणि मोठ्या मापाची आणली.

मी घाईघाईत विचारलं, "मग किती किलो कमी करायचं?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "काही कमी करायचं नाही. वजन आहे तिथे राहू द्या, उंचीला वाढू द्या. वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचं नसतं." हे ऐकूनही मी घरी आल्यावर नेमकं उलटं केलं. चपात्या मोजल्या. डबे वरच्या फळीवर ठेवले. दर दोन दिवसांनी त्याला काट्यावर उभं केलं. सगळ्यांच्या देखत "पुरे आता" म्हणू लागले.

महिन्याभराने माळ्यावरून जुनं दप्तर काढलं, तर त्यात वेफर्सची आणि क्रीमच्या बिस्किटांची रिकामी पाकिटं निघाली, घड्या घालून ठेवलेली. त्या घड्या पाहून मला रडू आलं. नीटनेटक्या होत्या. आवाज होऊ नये म्हणून हळूहळू घातलेल्या. मी ओरडले, तसा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तू माझ्याकडे बघतेस ना, म्हणून." त्या रात्री हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. शाळेत आरोग्य तपासणीच्या दिवशी सगळ्या वर्गासमोर वजनं मोठ्याने वाचली होती. तेव्हापासून त्याचं नाव 'चव्वेचाळीस' पडलं होतं. सोसायटीत तर 'लाडू' होताच. आणि 'मोटू' त्याचे बाबा म्हणायचे, लाडाने.

दुसऱ्या दिवशी काटा माळ्यावर गेला. 'मोटू' बंद झालं. नवऱ्याला सवय मोडायला वेळ लागला, पण प्रत्येक वेळी जीभ चावून तो मुलाची माफी मागायचा, आणि मला वाटतं, त्या माफीचा गुण कुठल्याही पथ्याहून मोठा होता. नियम एकच केला: त्याच्यासाठी वेगळं काही नाही, जे आणायचं नाही ते कुणासाठीच आणायचं नाही. बाबांचं फरसाण गेलं. माझी चहाबरोबरची बिस्किटं गेली, आणि मला ती गेलेली जाणवत राहिली. 300 मिलीच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत 30 ग्रॅमहून जास्त साखर असते. सहा-सात चमचे साखर ताटलीत काढून दाखवली, तेव्हा सगळ्यांत आधी सासूबाईच म्हणाल्या, "एवढी तर मी शिऱ्यालाही घालत नाही." पौष्टिक म्हणून दुधात घालत असलेल्या पावडरीच्या डब्यावरही साखरेचा आकडा वाचला आणि तीही बंद केली.

सासूबाईंची समजूत काढणं मला सर्वांत कठीण वाटलं होतं. "वाढत्या पोराला ताटावरून उठवायचं? माझ्याच्याने होणार नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हणाले, "आई, उठवू नका. तुम्हीच ठरवा काय वाढायचं." मग संध्याकाळचं चारचं खाणं त्यांनी आपल्याकडे घेतलं. कधी भिजवलेले हरभरे परतून, कधी मुगाचं धिरडं, कधी बेताच्या तेलातलं थालीपीठ आणि ताक. रात्री ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी. टीव्ही बंद. गणपतीत मोदक मात्र मोजले नाहीत. त्याने तूप घालून तीन खाल्ले, चौथ्याला आपणच नको म्हणाला. लपवून खायचं कारण उरलं नव्हतं.

झोपेकडे आमचं लक्षच नव्हतं. साडेअकराला झोपून सहाला उठणारं मूल होतं ते. या वयाला निदान नऊ तास लागतात. मोबाइल साडेनऊला स्वयंपाकघरात चार्जिंगला लागू लागला, आमचेही.

खेळाचं जमेना. रोज तासभर तरी दम लागेल असं हुंदडावं, असं डॉक्टर सांगत होत्या. पण क्रिकेटमध्ये पोरं त्याला कायम अंपायर करत. शेवटी पालिकेच्या तरण तलावावर नेलं. पहिले दोन दिवस तो शर्ट न काढता काठावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी तिथल्या सरांनी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालून ये म्हणून सांगितलं, आणि तो उतरला. महिन्याने बाहेर येऊन म्हणाला, "आई, पाण्यात मी जड नसतो." आता शनिवार-रविवार बाप-लेक जातात आणि इतर दिवशी आजीबरोबर भाजी आणायला चालत जाणं, चार मजले जिने. मध्ये परीक्षा आली, पावसाळा आला, सगळं ढिलं पडलं. पुन्हा सुरू केलं.

काट्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर महिन्याला पेन्सिलीने उंचीची रेघ मारतो. दीड वर्षाने डॉक्टरबाईंनी मोजलं, तेव्हा उंची साडेनऊ सेंटिमीटरने वाढली होती आणि वजन एका किलोने. ठिपका वरच्या रेषेच्या खाली आला आहे, मधल्या रेषेच्या अजून वर आहे. घोरणं थांबलं. मानेवरचा पट्टा फिका झाला आहे, पुरता गेलेला नाही. मी आता तिथे फक्त टॉवेल फिरवते.

परवा रेघ मारताना त्याने आजीला हाताला धरून शेजारी उभं केलं. "बघ, तुझ्यापुढे गेलो!" सासूबाईंनी टाचा उंचावून पाहिल्या, तरी तोच उंच होता. त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन मुठीत मीठ-मोहरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "वाक जरा, हात पोचत नाही माझा."