पॉइंटांचा मोह

मला पोकर आवडतो. हातातले पत्ते वेळीच टाकून देण्याची शिस्त फार थोडे खेळ शिकवतात. ख्रिस मनीमेकर २००३ मध्ये ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धेला पोचला, पंचवीस लाख डॉलर जिंकला आणि असंख्य लोकांना वाटलं, आपणही जिंकू.

मनात सलतात ते ऑनलाइन पोकर कंपन्यांचे रिवॉर्ड. पॉटमधून, म्हणजे डावात लागलेल्या पैशांतून, कंपनी आपला वाटा, म्हणजे रेक, कापते आणि पॉइंट मिळतात ते त्या रेकच्या हिशेबाने. म्हणजे बक्षीस आपल्याच खिशातलं. पहिल्या डिपॉझिटवरचा बोनसही सहसा एकदम हाती येत नाही. रेक भरत जाल तसा थोडाथोडा सुटतो, तोही ठरलेल्या मुदतीत. मग डोळे मिटत असतानाही माणूस पॉइंटांसाठी आणखी तासभर बसतो, आणि याच तासात तो सगळ्यात वाईट खेळतो. पोकरस्टार्स या साइटने २०१६ पासून सुपरनोव्हा एलिट या आपल्या वरच्या रिवॉर्ड-पायरीचे फायदे कापले, तेव्हा वर्षभर खेळून ती पायरी गाठलेले खेळाडू हवालदिल झाले. त्यांचा राग मला पटतो.

भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आणली, पोकरही त्यात आला. शिकायचंच असेल, तर पैसे न लावता मित्रांबरोबर बसा. बोनसच्या जाहिरातीवर क्लिक करू नका.