‘तिथे, दूर’ म्हणजे कोठे?

परदेशस्थ सर्ब मंडळी पहिल्या महायुद्धातील आपल्या सैनिकांच्या स्मरणासाठी जमली, की बहुधा ‘तामो दालेको’ गातात. शीर्षकाचा अर्थ ‘तिथे, दूर’. 1915-16च्या हिवाळ्यात अल्बानियाचे डोंगर ओलांडून कॉर्फूला पोहोचलेल्या उपाशी, खंगलेल्या सैन्याचे हे गीत. शेजारच्या विदो बेटावर तर माणसे इतकी मेली, की पुरायला जागा उरेना. प्रेते समुद्रात सोडली गेली. मिलुतिन बोयिच या कवीने त्या पाण्याला ‘निळी कबर’ म्हटले आणि 1917मध्ये तोही सालोनिकात क्षयाने गेला, अवघ्या पंचविशीत.

विस्थापितांच्या वाङ्मयासाठी वर्गात सर्रास वापरला जाणारा ‘स्मरणरंजन’ हा शब्द आम्हांला येथे तोकडा वाटतो. सैनिकाला ‘तिथे’ म्हणजे परतायचे घर होते. शिकागोत जन्मलेल्या पणतूने ते घर पाहिलेलेच नसते. त्याच्या ‘तिथे’मध्ये आता कॉर्फूही येते.