कान, घोडा आणि कागद

ठासणीची जुनी बंदूक समोर आली की दस्त्यावरची नक्षी आणि नळीवरचं सोनं मी मागाहून पाहतो. आधी कान पाहतो. नळीच्या मागच्या टोकाला, उजव्या अंगाला ते बारीक छिद्र असतं. त्याला लागून रंजकाची, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूची, वाटी आणि वाटीवर फिरणारं झाकण. कानाच्या कडा झिजून छिद्र रुंदावलेलं असेल, वाटीचा तळ दारूने खाल्लेला असेल, तर ती बंदूक पुष्कळ राबलेली आहे. कडा अगदी कोऱ्या असतील तर ती एकतर दरबारात मिरवायची होती, नाहीतर अलीकडे हॉटेलच्या भिंतीसाठी बनवलेली आहे. मग गज नळीत अलगद सोडायचा, तोंडाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीवर धरून खूण कानापर्यंत पुरते का ते बघायचं. चार बोटं कमी पडली, तर आत कधीकाळचा बार तसाच ठासलेला असण्याची शक्यता धरायची. कोरडी राहिलेली काळी दारू कितीही वर्षांनी पेट घेते. अशी बंदूक तिथेच ठेवायची, तोंडासमोर कुणाला उभं राहू द्यायचं नाही आणि पोलिसांच्या शस्त्रागारातल्या जाणकाराला बोलवायचं. स्वतः खोलायची नाही.

जुन्या धातूच्या वस्तूंचं जतन हा माझा व्यवसाय. छत्रपती संभाजीनगरात राहून मराठवाड्यातल्या वाड्यांमधली शस्त्रं पाहणं, मोजणं, नोंदवणं आणि कायद्यात बसतील तेवढी जमवणं हा त्याच व्यवसायातून लागलेला नाद. या नादात मला सर्वांत मोलाची वाटते ती बंदुकीसोबत आलेली माहिती: ती कुणाच्या घरात होती, कुठे टांगलेली होती, कोणत्या कामाला वापरली. ही माहिती तुटली की उत्तम नळीसुद्धा वजनावर विकायच्या लोखंडाच्या पातळीवर येते. आमच्या भागात ती रोज तुटते आहे.

इकडे सर्वांत जास्त सापडते ती तोडेदार बंदूक. उभी केली तर माणसाच्या खांद्याला लागेल एवढी लांब. दस्ता सडपातळ आणि जवळजवळ सरळ. नळी लाकडाला पितळी पट्ट्यांनी किंवा चामड्याच्या वादीने आवळलेली. चाप ओढला की लाकडातल्या फटीतून घोडा पुढे झुकतो आणि त्याच्या चिमट्यात धरलेला तोडा, म्हणजे जळती वात, रंजकात टेकतो. एवढंच यंत्र. युरोपात गारेची बंदूक सर्रास झाल्यावरही आपल्याकडे तोडेदार बंदूक एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत राहिली, कारण ती गावच्या लोहाराला दुरुस्त करता येत होती. नळीचं काम मात्र येरागबाळ्याचं नव्हतं. लोखंडाची पट्टी तिरपी पिळत न्यायची, एका वेढ्याची कड दुसऱ्यावर चढवायची आणि भट्टीत तापवून एकजीव करायची, ही रीत अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवून ठेवली आहे. अकबराच्या लाडक्या बंदुकीचं ‘संग्राम’ हे नावही त्याने नोंदवलं आहे. चांगल्या दख्खनी नळीवर तेलाचा हात फिरवून ती खिडकीच्या उजेडात धरली की त्या पिळाची नक्षी, म्हणजे जौहर, आजही डोळ्यांना दिसतो. कुणी तरी दिवसच्या दिवस भट्टीपुढे बसून तो घडवला आहे, आणि त्या माणसाचं नाव बहुधा नळीवर नसतं.

या बंदुका मराठवाड्यात इतक्या का टिकल्या, याचं एक कारण मला राजकीय वाटतं. १८५७ नंतर इंग्रजांनी आपल्या मुलखातली हत्यारं गोळा केली, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलीसुरली परवान्याच्या कचाट्यात आणली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांचा कायदा इथे थेट चालत नव्हता. म्हणून नगर-खानदेशात दिसत नाहीत इतक्या ठासणीच्या बंदुका इथल्या देशमुखांच्या, पाटलांच्या माळवदांवर राहिल्या. मग सप्टेंबर १९४८ आला. पोलीस कारवाईनंतरच्या धामधुमीत कुणी हत्यारं जमा केली, कुणी शेतात पुरली, कुणी विहिरीत टाकली. ‘आमची बंदूक विहिरीत हाय’ हे वाक्य मी कन्नडपासून अंबडपर्यंत ऐकत आलो आहे.

गारेच्या बंदुकीची गोष्ट निराळी. ती इकडे आली फौजांबरोबर. आमच्यापासून जवळच, जालना जिल्ह्यात, असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी तिथे आर्थर वेलस्लीची गाठ पडली. त्याने लढाई जिंकली आणि ९८ तोफा घेतल्या; पण मुख्यतः शिंद्यांच्या गोलंदाजांनी त्याचे दीड हजारांवर लोक जायबंदी केले किंवा मारले. हाच पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन. तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी कुणी विचारलं तेव्हा त्याने असईचं नाव घेतलं.

त्या शिवारातली शिशाची गोळी तळहातावर घेतली की कॅलिपर आपोआप खिशातून बाहेर येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाकडच्या ‘ब्राऊन बेस’ बंदुकीची नळी पाऊण इंच व्यासाची. तिची गोळी थोडी लहान, साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास. तोडेदार बंदुकीची गोळी बहुधा याहून बारीक भरते. पण एवढ्यावरून ‘ही इंग्रजांची, ती मराठ्यांची’ असं ठरवता येत नाही, कारण शिंद्यांच्या कवायती पलटणींकडेही विलायती धर्तीच्या बंदुका होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळ आग्र्याच्या कारखान्यात बनलेल्या. गोळी चपटी झालेली असेल तर ती कशावर तरी आदळली. साच्यातून काढताना राहिलेलं शिशाचं टोक शाबूत असेल तर ती बहुधा उडालीच नाही, कुणाच्या तरी पिशवीतून पडली. हे सगळं त्या गोळीवरच्या पांढुरक्या थरासकट वाचायचं असतं. धुऊन चकचकीत केलेल्या गोळीतून काहीच हाती लागत नाही. शिवाय ती कोणत्या गटातल्या, कोणत्या बांधाजवळ सापडली हे लिहिलेलं असावं लागतं. जमिनीतून निघालेल्या जुन्या वस्तूची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्याच निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, हेही शेतकऱ्यांना कुणी सांगत नाही.

नोंदीने शस्त्राला काय मिळतं, याचा सर्वांत सुंदर पुरावा आमच्या शहरातल्या पुऱ्यांच्या नावांत दडलेला आहे. नवरात्रात ज्या कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला अख्खं शहर लोटतं, तो कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा. पदमपुरा त्याच्या मुलाचा, पदमसिंहाचा. मोगलांचे हे राठोड सरदार दक्षिणेत वर्षानुवर्षं राहिले. कर्णसिंहाचा थोरला मुलगा अनुपसिंह १६८९ मध्ये अदोनीच्या वेढ्यात होता. तिथली लुटलेली दख्खनी शस्त्रं त्याने बिकानेरला नेली, आणि तिथल्या कोठीवाल्यांनी त्यांवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरी अक्षरं ठोकून ठेवली. जगभरच्या संग्रहालयांत आणि लिलावांत आज ती शस्त्रं ओळखली जातात ती त्या ठिपक्यांमुळे. दख्खनी शस्त्रांची कालनिश्चिती करणारे अभ्यासक त्या कोठीवाल्यांना दंडवत घालतात. कारागिराच्या दृष्टीने त्याच तोडीची, पण ठिपके नसलेली कट्यार नुसती ‘दख्खन, सतरावं शतक’ होऊन बसते.

मराठी माणसाला हे नुकतंच पुन्हा दिसलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने ४७.१५ लाख रुपये मोजून नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार सोडवली. पातं युरोपी धाटणीचं आहे. पण त्यावर रघुजींचं नाव देवनागरीत सोन्याने कोरलेलं आहे. ते नाव नसतं तर ती शेकडो फिरंगांपैकी एक ठरली असती.

आता कायद्याचं, कारण घरोघरी भीती त्याचीच असते. ‘कशाला ठिवायची सर, पोलिसाचं लचांड नको,’ असं म्हणत लोक बंदूक भंगारात घालतात. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने तारखेची रेघ मारली आहे: १८९८ किंवा त्याआधीची बंदूक ही पुरातन. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं ४५ वं कलम नुसत्या वयावर थांबत नाही. कालबाह्य धाटणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नसेल, तर ते या कायद्याच्या कक्षेबाहेर. २०२० च्या सुधारित नियमांनी जुन्या, संग्राह्य लहान शस्त्रांना बाळगण्यापुरती सूट दिली. वापरायची, घेऊन फिरायची किंवा एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची तर परवाना लागतोच. आपली बंदूक कशात बसते हे स्वतःच्या अंदाजाने ठरवू नये. शहरात पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज करावा, फोटो जोडावेत आणि पोच जपून ठेवावी. बंदूक शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो: तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि परदेशी विकता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायची कल्पना पुष्कळांच्या डोक्यात येते. ती सोडून द्यावी.

माझं मत स्पष्ट आहे. संग्राहकाने न चालणारी बंदूक मनापासून आवडून घ्यायला शिकलं पाहिजे. तुटलेली कमान तुटलेली राहू द्यावी. ज्याला वाजवायची हौस आहे त्याने नेमबाजीच्या क्लबात जावं, तिथे नव्या बंदुका आहेत.

भीतीइतकंच नुकसान प्रेमाने होतं. खंडेनवमीला शस्त्रं खाली उतरतात. चिंचेने, राखेने, हल्ली पॉलिशपेपरने घासली जातात; मग हळद-कुंकू, लिंबू, ओला झेंडू. एका वाड्यात पूजेनंतर मला मोठ्या अभिमानाने नळी दाखवली: ‘सर, बघा, नवी कोरी केली पोरांनी.’ तांबूस-काळा थर गेला होता, जौहर गेला होता आणि मागच्या बाजूला जिथे बारीक कोरीव अक्षरं होती तिथे नुसती ओळीची सावली उरली होती. त्या अक्षरांत कदाचित कोठीचा आकडा होता, कदाचित नाव. लिंबाचा रस आणि कुंकवाची ओल लोखंड खातात, हे पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं. पूजा अवश्य करावी. हळद-कुंकू शस्त्राखालच्या कापडाला लावावं, फुलं ताटात वाहावीत, लिंबू उंबऱ्यावर ठेवावं. संध्याकाळी कोरड्या सुती कापडाने पुसून मेणाचा पातळ हात द्यावा. लाकडावर व्हार्निश मुळीच नको.

बाजारात फिरताना डोळे उघडे ठेवावे लागतात. राजस्थानात शोभेच्या तोडेदार बंदुका बनतात. हाडाची जडावाची पट्टी, पितळी फुल्या, सगळं मनोहारी. त्यांत फसवणूक नाही, जोवर विकणारा ‘शोभेची’ म्हणून विकतो. त्यांना मीठ-आम्लाने गंजवून ‘वाड्यातली’ म्हणून पुढे केलं की बात वेगळी. नळीत दिवा धरून पाहावं: आतून सलग शिवण दिसली तर तो पाइप आहे. गारेच्या बंदुकीवर कंपनीची खूण तपासावी. जुन्या ठशात हृदयाच्या आकारात कंपनीची अक्षरं असतात, १८०८ नंतर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह येतो. सिंह आणि १७९५ हे साल एकाच पट्टीवर असेल तर सौदा तिथेच थांबवावा.

परदेशातले हौशी लोक याबाबतीत फार काटेकोर आहेत. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला हजारो जुन्या बंदुकांचा साठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हा तिथल्या संग्राहकांनी लाकडावरच्या देवनागरी खुणा आणि आकडे वाचायला शिकून घेतलं. ती अक्षरं आपल्याला उपजत येतात, आणि मोडी वाचणारी नवी मुलंही आपल्याकडे तयार होत आहेत.

म्हणून माझी मागणी नव्या संग्रहालयाची नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह १९७५ मध्ये राज्याला दिला. तसं मन आणि तशी वस्तू सगळ्यांकडे असत नाही, आणि आजोबांची बंदूक घरातच राहावी असं वाटणं रास्त आहे. वस्तू घरातच राहू द्यावी, नोंद तेवढी बाहेर यावी. आमच्या शहरातल्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाने एक नोंदवही सुरू करावी: फोटो, नळीची लांबी आणि व्यास, खुणांचे ठसे, आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची हकीकत, त्याच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित केलेली. जिल्हा प्रशासनाने सोबत माणूस दिला तर त्याच फेरीत परवान्याचे प्रश्नही मिटतील आणि लोक दार उघडतील. माझी मोजमापाची साधनं आणि आजवरच्या वह्या या कामासाठी द्यायला मी तयार आहे. सुरुवात खुलताबाद आणि फुलंब्री या दोन तालुक्यांपासून करता येईल. तिथल्या कोणत्या वाड्यांत आधी जायचं याची यादी माझ्याकडे आहे, आणि त्यांतली बरीच वडीलधारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत.