आम्ही पायांकडे पाहायला शिकलो

आम्ही दोघी बहिणी लातूरच्या. थोरलीने तीस वर्षे मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला; धाकटी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आईवडील लवकर गेले. थोरली चुलीपुढे उभी राहिली म्हणून धाकटीचे डी.एड. झाले. हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे, बोलून दाखवायची पद्धत मात्र नाही. आज सांगायची गोष्ट पायांची आहे, आणि थोडी आमच्या लाजेचीही आहे.

धाकटीच्या पोटऱ्यांवर निळ्या-तांबड्या बारीक शिरांची जाळी उमटली होती. दुखत काही नव्हते. पण एकदा वर्गात खाली पडलेला खडू उचलताना साडी थोडी वर सरकली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाई, तुमच्या पायावर शाई सांडली का?" लेकराच्या मनात वाईट काही नव्हते. तरी ते शब्द धाकटीच्या मनातून जाईनात. पुढे सहलीला सगळ्या शिक्षिका समुद्राच्या पाण्यात उतरल्या, तेव्हा ही काठावर त्यांच्या चपला राखत बसली.

२०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत तिने ठरवले की पुण्याला जाऊन ही जाळी काढून घ्यायची. लातुरात डॉक्टर नाहीत असे मुळीच नाही. पण गावात दाखवले की गल्लीला कळणार, आणि 'या वयात पायाचे सौंदर्य बघायला निघाली' असे ऐकावे लागणार. भिशीचे साठ हजार रुपये तिने गुपचूप बाजूला ठेवले होते. सोबतीला थोरली हवी. शेजारी सांगितले, चुलत भावाकडे जातो आहोत.

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे आमच्यासारख्यांना प्रवास तरी परवडतो. मुरूड, बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर करीत सात-आठ तासांनी स्वारगेटला उतरलो. वाटेत पाणी प्यायलो नाही. का, ते भगिनींना सांगायला नको. स्वच्छ मोरी कुठे मिळेल याचा भरवसा नसतो. थोरलीचे पाय सुजून चपलेच्या पट्ट्यात रुतले होते. "बसून बसून होतंय," ती म्हणाली आणि आम्ही तिथेच सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी धाकटीला उभे करून डॉप्लर सोनोग्राफी केली. त्यात शिरेतून रक्त कोणत्या दिशेने जाते ते पडद्यावर दिसते. बाई सोप्या भाषेत म्हणाल्या, "पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात. चढलेले रक्त पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांत जागोजागी छोट्या झडपा असतात. त्या सैल झाल्या की रक्त खाली साचते आणि शीर फुगते. तुमच्या झडपा चांगल्या आहेत. ही वरवरची जाळी आहे, त्रास फक्त दिसण्याचा. बारीक सुईने औषध टोचून घालवता येते, पण एका खेपेत होत नाही. काही महिने तपकिरी डाग राहू शकतात, आणि पुढे नवी जाळी येणारच नाही असे वचन मी देणार नाही."

एवढे बोलून त्यांची नजर खाली गेली. थोरली चपला काढून बाकावर बसली होती आणि एका पायाने दुसऱ्या पायाचा घोटा खाजवत होती.

"मावशी, जरा पाय बघू तुमचा."

"माझं काय नाही. मी हिच्या सोबतीला आले."

बाईंनी स्वतःच साडीचा काठ वर केला. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडून चामड्यासारखी कडक झाली होती. पोटरीवर बोटाएवढ्या शिरांच्या गाठी. थोरली ते गजकर्ण समजून मलम लावत होती. धाकटीने तो पाय त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. एकाच घरात राहणाऱ्या आम्ही!

डॉप्लरमध्ये थोरलीच्या घोट्यापासून जांघेपर्यंत जाणाऱ्या मोठ्या शिरेच्या झडपा निकामी झालेल्या दिसल्या. शिरांच्या आजाराची एक वर्गवारी १९९४ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवली. तिला सीप म्हणतात. शून्य ते सहा अशा तिच्या पायऱ्या. एक म्हणजे बारीक जाळी, दोन म्हणजे फुगलेल्या शिरा, तीन म्हणजे सूज, चार म्हणजे कातडीत बदल, पाच म्हणजे भरून आलेली जखम, सहा म्हणजे उघडी जखम. धाकटी पहिल्या पायरीवर होती आणि थोरली चौथ्या. जिच्यासाठी सव्वातीनशे किलोमीटर आलो ती ठणठणीत निघाली, आणि सोबतीला आलेलीचा पाय जखमेच्या वाटेवर होता.

रात्री भावाच्या घरी आमचे वाजले.

"तुझ्या पैशानं माझा पाय? काही नको. म्हातारीच्या पायाकडं कोण बघतंय?"

"अक्का, किती वर्षं झाली याला?"

"झाली असतील दहा-बारा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू तरी कुठं सांगितलंस गं? तूही लपवूनच इथं आलीस ना!"

याला धाकटीकडे उत्तर नव्हते. एकीने दुखणे लपवले, दुसरीने हौस लपवली. दोघींनीही लुगड्याचा काठ खाली ओढण्यापलीकडे पायासाठी काही केले नव्हते. त्या रात्री आम्ही बराच वेळ रडलो, मग चहा करून प्यायलो आणि हिशेबाला बसलो. भिशीच्या साठ हजारांत दहा हजार कमी पडत होते. ते भावाने दिले.

चार दिवसांनी थोरलीचा पाय लेसरने केला. पाय बधिर करून शिरेत बारीक तार घालतात आणि आतून उष्णता देऊन ती शीर बंद करतात. रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांतून जाऊ लागते. पूर्वी शीर ओढून काढत. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१३ साली उष्णतेने शीर बंद करण्याच्या या पद्धतीला पहिली पसंती दिली. त्याच दिवशी मांडीपर्यंतचा घट्ट मोजा घालून थोरली अर्धा तास चालली. आठवड्याने पुन्हा डॉप्लर करून, आतल्या शिरेत गुठळी नाही याची खात्री झाल्यावरच परतीची परवानगी मिळाली.

बाहेरगावी उपचार घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले, की चार तासांहून अधिक एका जागी बसून प्रवास केला तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसाला तो तसा थोडाच, पण शिरांच्या उपचारानंतर सावध राहिलेले बरे. परतताना आम्ही प्रत्येक थांब्यावर खाली उतरून चाललो, बसल्या जागी पंजे वरखाली करीत राहिलो आणि पाणीही प्यायलो. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर घरी न थांबता ताबडतोब दवाखाना गाठावा.

शिरांचा आजार काही अंशी आईबापांकडून येतो, बाळंतपणांत वाढतो आणि तासन्‌तास उभे राहण्याने बळावतो. चुलीपुढची, वर्गातली, दवाखान्यातली, दुकानातली बाई उभीच असते. केरळमध्ये साड्यांच्या दुकानांतील स्त्रियांनी कामावर बसायला मिळावे म्हणून लढा दिला. २०१८ साली तिथल्या कायद्यात ती तरतूद झाली आणि २०२१ साली तामिळनाडूनेही केली. एक स्टूल मागण्यासाठी एवढे झगडावे लागते! आपल्या घरात तरी ओट्याजवळ एक स्टूल आजच ठेवा.

तेव्हा भगिनींनो, आठवड्यातून एकदा स्वतःचे आणि घरातल्या थोरल्या बाईचे पाय उजेडात पाहा. संध्याकाळी सूज, घोट्याजवळ काळसर कातडी, खाज, फुगलेली शीर दिसली तर मलम फासत बसू नका. आधी आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात दाखवा. आम्ही लाजेपोटी दूर गेलो. तुम्ही जाऊ नका. आणि जाळी केवळ दिसण्यासाठी काढायची असली तरी डॉप्लर झाल्याशिवाय सुई टोचून घेऊ नका.

धाकटीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. २०२५ च्या मे महिन्यात थोरलीनेच तिला उठवले. "माझा पाय झाला, आता तुझा. हौस असली म्हणून काय झालं?" दोन खेपा झाल्या. थोडे डाग अजून आहेत. या वेळी शाळेत आणि शेजारी खरे कारण सांगून गेलो. कोणी हसले नाही. उलट शेजारच्या दोघीजणी संध्याकाळी आल्या आणि दार लावून घेऊन आम्हाला आपले पाय दाखवू लागल्या. थोरलीने उठून दार उघडले, खिडकीचा पडदा सारला आणि म्हणाली, "उजेडात या बायांनो, नीट दिसू द्या."