वशिला की गणित?

मी एका रुग्णालयासाठी नर्सेसच्या ड्युटीची यादी काढणारा प्रोग्राम सांभाळते. चाळीस नर्स, तीन पाळ्या, अठ्ठावीस दिवस. म्हणजे हो किंवा नाही असे ३,३६० छोटे निर्णय. वर नियम: नाइटनंतर लगेच मॉर्निंग नको, आयसीयूत किमान दोन अनुभवी सिस्टर हव्यात, मागितलेली सुट्टी शक्यतो मिळावी. मोडलेल्या प्रत्येक इच्छेला दंडाचे गुण लावायचे आणि सॉल्व्हरला सांगायचं, सगळ्यांत कमी दंडाची यादी शोध.

एकदा तिथल्या ऑफिसने संध्याकाळी कच्ची यादी काढली आणि सकाळी दुसऱ्या मशीनवर पुन्हा काढली. माहिती तीच, नियम तेच. दुपारी एका सिस्टरांचा फोन आला.

“अहो मॅडम, काल माझा रविवार ऑफ होता. मी घरी येते म्हणून कळवूनही टाकलं. आज नाइट कशी लागली? कुणी सांगून बदललं का?”

शेवटचा प्रश्न खरा. ड्युटीची यादी बदलली की पहिला संशय वशिल्याचा येतो, आणि त्यात चूक काहीच नाही. मी दोन्ही याद्या उघडल्या. दोन्हींचा एकूण दंड अगदी सारखा. सॉल्व्हरच्या लेखी दोन्ही तितक्याच चांगल्या, फक्त रविवार या सिस्टरांकडून दुसरीकडे गेला होता.

असं का होतं? सॉल्व्हर सगळ्या शक्यता एकेक करून तपासत नाही. तो फांद्या फोडत जातो, निरुपयोगी फांद्या छाटतो. सारख्या दंडाच्या अनेक याद्या असतील तर जी आधी सापडेल ती आपल्या हातात पडते. वाटेत पहिलं वळण कुठलं घेतलं, यावर पुढचं सगळं ठरतं आणि ते वळण अगदी क्षुल्लक गोष्टीने बदलतं.

उदाहरणार्थ, बेरजेचा क्रम. पायथनमध्ये १ वर सोळा शून्यं असलेली संख्या दशांश चिन्हासह लिहा, तीत १ मिळवा आणि तीच संख्या वजा करा. उत्तर ० येतं. आधी वजाबाकी करून मग १ मिळवा, उत्तर १. अशा आकडेमोडीचं आयईईई ७५४ हे मानक १९८५ पासून आहे, पण बेरीज कुठल्या क्रमाने करायची हे ते ठरवून देत नाही. वेगळा प्रोसेसर, वेगळी थ्रेडसंख्या किंवा सॉल्व्हरचं वेगळं व्हर्जन असेल तर हा क्रम बदलू शकतो. पायथनच्या सेटमध्ये नावं ठेवली असतील तर ती प्रत्येक रनला वेगळ्या क्रमाने बाहेर येऊ शकतात. ‘दहा मिनिटांनी थांब’ म्हटलं तर वेगवान मशीन तेवढ्याच वेळात पुढे पोचतं.

यावरचे उपाय रुक्ष आहेत, पण चालतात. नावं क्रमाने लावून मगच मॉडेल बांधायचं. सीड आणि थ्रेडची संख्या ठरवून टाकायची. व्हर्जन आणि मशीन बदलायचं नाही. घड्याळाऐवजी कामाच्या मोजमापावर थांबवायचं. गुरोबीत त्यासाठी ‘वर्क’ आहे, सीप्लेक्समध्ये ‘टिक’. आणि प्रत्येक यादीसोबत तिची माहिती व सेटिंग्ज जपून ठेवायची, म्हणजे कुणी विचारलं तर तीच यादी पुन्हा काढून दाखवता येते.

पण एवढ्याने सिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. सीड ठरवला की यादी रोज तीच येते, इतकंच. ती त्यांच्या वाट्याला का आली, याचं कारण अजूनही ‘सीड ४२’ हेच. शिवाय नावं कायम एकाच क्रमाने गेली तर बरोबरीच्या वेळी काही जणींनाच पुन्हापुन्हा तोटा होऊ शकतो. फासे तेच पडत राहिले, म्हणून त्याला न्याय म्हणत नाहीत.

म्हणून आता बरोबरी सॉल्व्हरवर सोडलेली नाही. एकूण दंड सारखा असेल, तर गेल्या महिन्यात ज्यांचे रविवार जास्त गेले त्यांना आधी ऑफ. लावलेली यादी पुन्हा काढावी लागली, तर बदललेल्या प्रत्येक ड्युटीला वेगळा दंड. हे दोन नियम मराठीत लिहून नोटीस बोर्डावर यादीशेजारी लावलेत. परवा त्यांतल्या पहिल्या नियमावर दोन सिस्टरांचं भांडण झालं. गेल्या महिन्याचे रविवार मोजायचे की तीन महिन्यांचे? मला ते भांडण आवडलं. यावर निदान भांडता येतं. सीडशी कोण भांडणार?